मयत मानसिंगची वारस

नारायणराव आगटे मूळचे सांगलीचे, पण वकिली त्यांनी इस्लामपुरात थाटली. मोठे खटले त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. त्यांच्या ओसरीवर येऊन बसायची ती घरादारापायी गांजलेली माणसं. कुणाचा बाप गेलेला आणि घराला नाव लावायचं राहिलेलं असे, कुणाच्या गहाणाची मुदत टळत आलेली असे. नारायणराव त्यांचं ऐकून घेत, बायामाणसांना कोर्टाची पायरी चढताना धीर देत, आणि पुष्कळदा गाडीभाडंही स्वतःच्या खिशातून घालत.

पंचेचाळीस सालची संक्रांत नुकतीच झाली होती. एका सकाळी ते कोर्टाच्या व्हरांड्यात, फळीवर लावलेल्या तारखा बघत उभे होते. आपल्या कामाची तारीख शोधता शोधता त्यांची नजर भलत्याच नावावर थांबली. 'मयत मानसिंग कोंडीबा खराडे. वारस, आई राहीबाई.'

नारायणरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

मानसिंग त्यांना चांगला आठवत होता. पलटणीतला नाईक, उंचापुरा, बोलताना सतत हसणारा. त्याच्या बापानं घर गहाण टाकलं होतं, बाप मेल्यावर सावकारानं दावा लावला होता, आणि मानसिंगनं नारायणरावांकरवी कोर्टाकडून मुदत मागून घेतली होती. पगारातून थोडं थोडं तो कोर्टात भरतही होता. बेळगावहून शेवटच्या रजेवर आला तेव्हा निघताना म्हणाला होता, "आता समुद्रापल्याड धाडत्यात आमाला. मागं काय निघालंच, तर घराकडं तुमी बघा, वकीलसायब." बाहेर बैलगाडीत त्याची बायको बसली होती. तिच्याकडे बोट करून तो पुन्हा हसला होता.

तो मानसिंग गेला, आणि आपल्याला कळलंही नाही! पण दुसरी गोष्ट त्याहून खटकत होती. वारस म्हणून फक्त आईचं नाव होतं. बायकोचा कुठे पत्ता नव्हता. त्यांनी शिरस्तेदाराला विचारलं तेव्हा कळलं, की राहीबाईनं अंगठा उठवून दिलाय. आपल्याशिवाय वारस नाही, गहाण फेडायची ऐपत नाही, घर सावकाराच्या नावावर करायला आपली हरकत नाही. तिला कोर्टात घेऊन आला होता तो मानसिंगचा चुलतभाऊ नानासो. सोमवारी शेवटचा हुकूम व्हायचा होता.

नारायणरावांनी त्याच दुपारी खराडेवाडीची वाट धरली. वाटेवर ठिकठिकाणी गुऱ्हाळं लागली होती. काहिलीतल्या रसाचा वास सगळ्या शिवारावर पसरला होता. तीन खणांचं ते दगडी घर गावाच्या कडेला, कृष्णेच्या बाजूला होतं. दारात पाळणा टांगला होता आणि त्यात एक तान्हं मूल झोपलं होतं.

मानसिंगच्या बायकोनं, अंजनानं, त्यांना ओळखलं. लगबगीनं घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला, वाटीत तिळगूळ आणला. परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्या काळी रीत नव्हती. नारायणराव मान खाली घालूनच बसले, आणि तसेच खाली बघत बोलले.

"फार वाईट झालं, बाई. मला आज कोर्टात कळलं. मानसिंगसारखा माणूस पुन्हा होणे नाही."

"काय कळलं?" अंजना म्हणाली.

तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. नारायणरावांनी वर बघितलं. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. हातात संक्रांतीचा नवा चुडा होता. ती तोंड किंचित उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

तोंडातून गेलेला शब्द आता परत घेता येणार नव्हता. तरी ते काहीतरी पुटपुटले, माझी चूक झाली असेल, नावात गोंधळ असेल. पण बाई खुळी नव्हती.

"काय झालंय त्येस्नी?"

तेवढ्यात राहीबाई गुरांना घालायच्या उसाच्या वाड्याचा भारा डोक्यावर घेऊन अंगणात आली. वकिलाला बघताच ती जागच्या जागी थांबली. भारा तिनं खाली टाकला नाही, तशीच त्याच्याखाली उभी राहिली.

"आत्याबाई," अंजना म्हणाली, "ह्ये वकील काय म्हंत्यात बगा."

राहीबाईनं भारा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आवं, मी काय म्हंते? ह्येंचं काय बरंवाईट झालंय का?"

राहीबाईच्या डोक्यावरचा भारा हलायला लागला. मग तो सरकून बाजूला पडला आणि तीही त्याच्याजवळ मातीत बसली. तेवढ्यानंच अंजनाला उत्तर मिळालं.

ती ओरडेल, ऊर बडवून घेईल, असं नारायणरावांना वाटलं. त्यांनी मनाची तयारी केली होती. पण अंजना खांबाला पाठ लावून हळूहळू खाली बसली. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती, ती तिनं हिसका दिल्यासारखी ओढली. पोर दचकून रडायला लागलं.

"कवा?" ती म्हणाली.

"तू म्हायेरी हुतीस, अंजे. बाळतीण हुतीस."

"कवा म्हंते मी."

"दिवाळीच्या आदी."

अंजना सासूकडे बघतच राहिली. "म्हंजी तुमास्नी ठावं हुतं. आन् परवा संक्रांतीला तुमीच माज्या कपाळाला हळदीकुकू लावलंत. सोताच्या हातानं."

राहीबाईनं पदर तोंडात कोंबला.

नारायणरावांना तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण सोमवार जवळ आला होता. त्यांनी कशीबशी सगळी हकिगत विचारून घेतली. इस्लामपूरच्या कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा राहीबाईबरोबर नानासो गेला होता. साहेबानं मानसिंग लढाईत पडल्याचं सांगितलं, ते त्या दोघांनीच ऐकलं. परतताना राहीबाई म्हणाली, सून ओली बाळंतीण हाय, आत्ता नको. नानासो लगेच हो म्हणाला. मग सून बाळाला घेऊन कवठे महांकाळहून परत आली. तेव्हाही राहीबाईला धीर झाला नाही, आणि नानासोही म्हणत राहिला, राहू द्या काकी, इतक्यात नको. मध्ये एकदा तो तिला कोर्टात घेऊन गेला. पोराच्या पेन्शनीचा कागद आहे म्हणाला. तिनं अंगठा दिला.

"पेन्शनीचा नव्हता तो," नारायणराव म्हणाले. "घर सोडून देतो म्हणून होता. सावकार घर घेणार आणि नानासोला देणार. त्यांचं आधीच ठरलंय, शिरस्तेदारच म्हणाला. कायद्यानं नवऱ्याचा हिस्सा बायकोकडे येतो, राहीबाई. पण आपला नवरा मेला हेच जिला ठाऊक नाही, ती बाई कोर्टात येईल कशाला?"

राहीबाईनं कपाळ जमिनीवर आपटलं. अंजनानं तिला आवरलं नाही.

शेजारच्या बायका जमल्या. कुणीतरी रडत पुढे झाली आणि अंजनाच्या कपाळाकडे हात नेला. अंजनानं तो हात घट्ट धरला.

"न्हाई. माज्या घरच्या मानसांनी मला काय सांगितलं न्हाई. परक्यानं वाटंनं येऊन सांगितलं, त्येवर मी पुसू व्हय? बगू सोमवारी."

सोमवारी ती बाळाला पोटाशी धरून कोर्टात आली. राहीबाई मागून चार हात अंतर ठेवून चालत होती. दोघींमध्ये त्या दिवसापासून शब्द नव्हता. अंजनाच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. नारायणरावांनी ते बघितलं, आणि वकील असूनही त्यातून पुढे काय निघेल ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते सावकाराच्या वकिलाच्या. नारायणरावांनी अर्ज पुढे केला, मानसिंगची विधवा हजर आहे, तिचं नाव वारस म्हणून लावावं आणि गहाण सोडवायला मुदत द्यावी. तो वकील शांतपणे उठला.

"विधवा? जज्जसाहेबांनी बाईच्या कपाळाकडे बघावं. हातातल्या चुड्याकडे बघावं. ही विधवा कशी? मानसिंगनं हिला काडीमोड दिला होता. हिनं माहेरी दुसरा पाट लावला, आणि आता घराच्या आशेनं आली आहे. मांडीवरचं मूल कुणाचं, हेही तिला विचारावं."

नानासो साक्षीला उभा राहिला आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "व्हय. खरं हाय. भावानं सोडली हुती तिला."

कोर्टात कुजबुज उठली. अंजनानं बाळाला असं काही आवळलं, की ते गुदमरून ओरडलं. नारायणराव उठले. ज्या माणसानं मानसिंगच्या लग्नात करवल्यांच्या पुढे नाचून घेतलं असेल, तो देवाची शपथ घेऊन हे बोलत होता. आयुष्यभर त्यांनी भाऊबंदकी बघितली होती, तरी हे त्यांना झेपलं नाही. कपाळावरच्या कुंकवाला कायद्यात काय उत्तर द्यायचं? बाईला नवरा मेल्याचं सांगितलंच नव्हतं, असं म्हणावं, तर त्यावर कोण विश्वास ठेवणार?

"आवं सायब," मागून आवाज आला.

राहीबाई दाराशी उभी होती. शिपाई तिला गप्प करायला धावला. तिनं त्याचा हात झिडकारला आणि थेट पुढे आली.

"तिला इचारू नका. मला इचारा. कुकू मी ठेवलंय तिच्या कपाळावर."

जज्जसाहेबांनी तिला शपथ द्यायला लावली. पिंजऱ्यात चढताना तिला पायरी दिसेना, शिपायानंच दंडाला धरून चढवलं.

"माजा लेक..." ती म्हणाली आणि थांबली. सगळं कोर्ट थांबलं. कचेरीतून परतल्यापासून तिनं पुढचे शब्द कधी उच्चारले नव्हते, एकटी असतानाही नाही. तिची मान हलायला लागली, ओठ हलायला लागले, आवाज मात्र येईना. मग तो एकदम आला, इतक्या जोरात की खिडकीतले पारवे उडाले. "माजा मानसिंग मेला! मेला सायब, माजा लेक मेला! मी सांगितलं न्हाई सुनंला. सांगितलं असतं तर खरं झालं असतं. तिच्या कपाळाकडं बगायची आन् वाटायचं, हाय अजून, कुटंतरी हाय. ती न्हाई कुठं ग्येली, त्येनं न्हाई सोडली. पोरगी त्येचीच हाय. आन् ह्यो..." तिनं नानासोकडे बोट केलं. "ह्यो माज्याबरुबर हुता. ह्येनं मला पानी पाजलं त्या दिवशी. ह्येला समदं ठावं हुतं."

नानासो खाली बघत होता. जज्जसाहेबांनी विचारलं, बाई खोटं बोलते का? त्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही. सावकाराचा वकील कागद गोळा करायला लागला.

हुकूम त्याच दिवशी झाला. अंजनाचं नाव लागलं, आधीचा अंगठा रद्द झाला आणि गुळाचा हंगाम संपेपर्यंत मुदत मिळाली. नारायणरावांना आनंद व्हायला हवा होता. पण ते मान खाली घालून बाहेर पडले.

आवारातल्या चिंचेखाली अंजना थांबली. पदराच्या टोकानं तिनं स्वतःच कपाळ पुसलं, एकदाच, लांब. मग ती सासूकडे वळली.

"काय म्हनला त्यो कचेरीतला सायब? समदं सांगा. कायबी सोडू नका."

राहीबाई आठवून आठवून बोलायला लागली. साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला होता. गावाचं नाव त्यानं सांगितलं, पण ते जिभेवर बसलं नाही. नदी होती म्हणाला. नदी उतरताना झालं.

"आन् तुमी काय म्हनलासा?"

"मी म्हनलं, सायब, माज्या सुनंला काल पोरगी झालीया."

अंजना तिथेच मातीत बसली, आणि खराडेवाडीच्या अंगणात जे रडणं आलं नव्हतं ते आता आलं. राहीबाईनं भीत भीत तिच्या मांडीवरचं बाळ उचलून घेतलं. अंजनानं घेऊ दिलं.

अंजनाचा बाप कवठे महांकाळहून येऊन राहिला. त्यानं त्यांचा ऊस गाळला, गूळ सांगलीच्या पेठेत नेला, आणि पावसाळ्याआधी घर गहाणातून मोकळं झालं. नानासोवर पुढे काही खटला झाला नाही. तो शेजारच्याच घरात राहिला, फक्त त्यानं आपलं दार दुसऱ्या बाजूला काढून घेतलं. सासूसुनेत बोलणं सुरू व्हायला वर्ष गेलं म्हणतात.

नारायणरावांनी पुढेही असल्याच माणसांची कामं केली. मात्र कुणाच्या घरी गेले, की बोलायच्या आधी ते मान वर करून समोरच्या बाईच्या तोंडाकडे नीट बघून घेत. लोकांना ते विचित्र वाटे.