बुंध्यापासून चार बोटं

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याला बावीस वर्षं झाली. वेळ मिळाला नाही असं म्हणता आलं असतं, पण वेळ माझ्याकडे कायमच होता.

मी ग्रंथालयात नोकरीला होतो आणि एका मासिकात बागेवर सदर लिहायचो. स्वतः एक कुंडीही कधी जगवली नव्हती. पुस्तकं चाळायची, टिपणं काढायची आणि हाताची माती आत्ताच धुऊन आल्यासारखं लिहायचं. एकदा आच्छादनाचा विषय घेतला. वाफ्यातली माती उन्हानं तापू नये, ओल टिकावी म्हणून तिच्यावर पाचोळा, पेंढा असं काहीतरी पसरतात ना, ते. ‘थर चांगला वीतभर जाड असावा, बुंध्याला घट्ट भिडवून लावावा,’ असं मी ठासून लिहिलं. ज्या पुस्तकातून ते उचललं, ते थंड आणि कोरड्या मुलखातलं होतं. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरलाही बुरशी येते, हे लिहिताना डोक्यात आलं नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. ‘तुम्ही सांगितलंत तसंच केलं. आता लिंबाच्या बुंध्यातून डिंक गळतोय, साल ओली होऊन सुटतेय, वास येतोय. झाड माझ्या मुलीनं लावलेलं आहे. ती आता नाही. माझ्याच हातून काही चुकलं असणार. पाणी जास्त झालं का? तेवढं कळवा.’

आठवडाभर मी पुस्तकं उलथीपालथी केली. उत्तर सापडलं, तेही तीन शब्दांचं. बुंधा मोकळा करा. पत्र घेऊन मी संपादकांकडे गेलो.

“अहो, छापलेलं कोण लक्षात ठेवतंय?” ते म्हणाले. “पुढच्या अंकाला गुलाब घ्या.”

मी गुलाब घेतला.

तेव्हापासून मला झाडांचे बुंधे दिसतात. फिरायला गेलो की पाचोळ्यात गळ्यापर्यंत बुडालेलं झाड दिसतंच, आणि मी काठीनं तो ढीग बाजूला ओढतो. कधी कधी तो वासही येतो. मी कधीच न घेतलेला, फक्त बाईंच्या पत्रात वाचलेला. बागेतला माळी मला हसतो. “काय आजोबा, आज किती जणांचे मफलर सोडवले?”

परवा सून अंगणातून हाक मारत आली. तिनं वांग्याचा आणि मिरचीचा नवा वाफा केलाय.

“बाबा, सुताराकडून भुसा आणलाय पोतंभर. घालू?”

“मला काय विचारतेस? मला कुठे कळतंय त्यातलं.”

“झालं सुरू! दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत, आणि म्हणे कळत नाही. राहू दे, मीच बघते.”

मी उठेपर्यंत तिनं नेमकं तेच पुस्तक काढलं. पत्र आच्छादनाच्या पानातच ठेवलेलं होतं. दमट हवेनं शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. तिनं उभ्यानं वाचलं, मग खुर्चीवर बसली.

“काय लिहिलंत मग त्यांना?”

मी चष्मा पुसत राहिलो.

“बाबा!”

“काही नाही लिहिलं.”

तिनं पत्राची घडी घातली. मला वाटलं, आता रागावेल. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे त्या अजून हेच धरून बसल्या असतील, की आपणच झाड मारलं.”

बावीस वर्षं मी झाडाचा विचार करत होतो. बाईंचा विचार असा कधी केलाच नव्हता.

दुपारी मी वाफ्याजवळ स्टूल टाकून बसलो. भुसा नको म्हणालो. एवढ्या ओलीत तो दबून बसतो, हवा कोंडते. हिरवं गवतही नको, कुजताना तापतं. वाळका पाचोळा घे, दोन-तीन बोटं जाड, विरला की पुन्हा घाल. ती पसरत गेली. मी खाली वाकलो आणि पहिल्याच रोपाच्या देठाभोवती बोटं टेकवून जागा मोकळी केली.

“एवढी?” तिनं विचारलं.

“चार बोटं. इथे वारा लागला पाहिजे.”

हाताला माती लागली होती. ती धुऊन मी कागद घेतला. पहिले चार कागद फाडले, त्यांत माझंच फार होतं. पाचव्यावर लिहिलं: ‘पाणी जास्त झालं नव्हतं. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत. मी चुकीचं सांगितलं होतं. तेव्हाच कळवलं असतं, तर झाड कदाचित वाचलं असतं.’ खाली सही केली.

“त्या नसल्या तिथे, तर?” सुनेनं पाकीट चिकटवताना विचारलं.

“तर परत येईल.”

“आणि परतही नाही आलं तर?”

टपालपेटी बागेच्या कोपऱ्यावर आहे. माळी फाटकाशीच बसला होता. “आज काठी नाही आणली, आजोबा?” म्हणाला. खरंच, घरी राहिली होती. पेटीजवळ पोचेपर्यंत पाकीट तळहाताच्या घामानं ओलसर झालं होतं. बाईंच्या नावावरची शाई पसरायच्या आत मी ते आत सोडलं.