न खाल्लेल्या जेवणाची चव

क्रांतीला राग यायला कधीच वेळ लागला नाही. गारगोटीच्या शाळेत निबंध स्पर्धेत सरांनी आपल्याच पुतण्याला पहिला नंबर दिला, तेव्हा ही पोरगी बक्षीस समारंभात स्टेजवर चढली आणि स्वतःचा आणि त्या पुतण्याचा, दोन्ही निबंध माईकवरून वाचून दाखवून खाली उतरली. आईनं घरी नेऊन बदडलं, पण गावात नाव झालं ते झालंच.

कोल्हापुरात मात्र तिला राग गिळायला शिकावं लागलं. खासगी क्लासमधली मराठी शिकवायची नोकरी सुटली आणि फुलेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत बसून ती ऑनलाइन लिखाणाची कामं शोधू लागली. दिसेल त्या साइटवर नाव नोंदवायचं, दिसेल त्या ग्रुपवर 'मी लिहिते' म्हणून सांगायचं. समोरचा म्हणायचा, आधी नमुना पाठवा. नमुना पाठवला की समोरचा गप्प. एकदा तर हळदीवर लिहिलेला तिचा नमुना एका मसालेवाल्याच्या पानावर जसाच्या तसा दिसला, खाली नाव भलत्याचंच. त्या दिवशी तिनं फोन पलंगावर आपटला. जमिनीवर आपटण्याची ऐपत नव्हती.

मिळालेलं काम ती जीव लावून करायची. दातांच्या एका डॉक्टरांची वेबसाइट लिहायची होती, तर आधी त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि पेशंट काय काय विचारतात ते ऐकलं. 'अजिबात न दुखता दात काढतो' असं लिहा म्हणून डॉक्टर मागं लागले. ही म्हणाली, "दुखतंय की हो थोडं. मग थोडं दुखतं असंच लिहूया. विश्वास बसेल." डॉक्टरांनी तोंड वाकडं करून होकार दिला. पुढं 'ते वाचूनच आलो' म्हणत पेशंट येऊ लागले, तेव्हा त्यांनी आपण होऊन फोन केला. असं एखादं काम झालं की क्रांतीला वाटायचं, याच रस्त्यानं जायचं. वेळ लागेल, लागू दे.

अशात राजवीरची जाहिरात दिसली. ताराबाई पार्कात त्याची एजन्सी होती. दुकानं, हॉटेलं, क्लास यांचं नाव इंटरनेटवर वर आणून द्यायचं, हा धंदा. 'मराठीत जिवंत लिहिणारे हवेत. काम कायमचं,' असं जाहिरातीत होतं. क्रांतीनं लगेच मेल केला. उत्तरादाखल परीक्षा आली: गडाच्या वाटेवर चुलीवरच्या जेवणाची एक खानावळ आहे अशी कल्पना करा. तिथं आलेला वाईट अनुभव वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून लिहा. एक रिटायर्ड गृहस्थ, एक नवीन लग्न झालेली मुलगी, एक कॉलेजचा पोरगा, एक लहान लेकराची आई.

तिनं फोन करून विचारलं, "वाईटच का?"

"चांगलं कुणीबी लिहितंय मॅडम," राजवीर हसून म्हणाला. "वाईट लिहिताना माणसाचा कस लागतो. तुमची रेंज बघायचीय."

तिला ते पटलं. आणि लिहिताना मजाही आली, हे खोटं नाही. रिटायर्ड गृहस्थ रागावले तरी 'कृपया नोंद घ्यावी' म्हणणारे. कॉलेजच्या पोराच्या तोंडी शिव्या येता येता राहिलेल्या. आणि लेकराची आई तर तिला फारच साधली. 'भाकरीचा पापुद्रा उचलला तर खाली कच्चं पीठ. पिठल्यात केस निघाला, दाखवला तर बाई म्हणाली, काढून खा की. रात्रभर माझ्या बाळाच्या उलट्या थांबेनात.' हे लिहून झाल्यावर तिनं स्वतःशीच मान डोलावली होती. राजवीरचं उत्तर आलं, 'सुंदर. कळवतो.' पुढं नेहमीप्रमाणे गप्प.

पावसाळा सरला. एका सकाळी शेजारची पूर्णिमा चहाला आली. निपाणीहून तिचे सासू-सासरे यायचे होते आणि त्यांना रविवारी पन्हाळ्याला न्यायचं चाललं होतं.

"वाघबिळाच्या वर ती बायडाबाईची खानावळ हाय न्हवं, तिथं जेवायचं ठरवलंतं," पूर्णिमा फोनवर बोट फिरवत म्हणाली. "पण लोकांनी काय काय लिवलंय बघ की. ऐक. 'भाकरीचा पापुद्रा उचलला तर खाली कच्चं पीठ...'"

क्रांतीनं कप खाली ठेवला.

"पुढं वाच."

"'पिठल्यात केस निघाला, दाखवला तर बाई म्हणाली, काढून खा की.' शी! आणि त्या बारक्याला उलट्या झाल्या म्हणं रात्रभर. असल्या बायका—"

"दे तो फोन."

तिनं वाचलं. लेकराची आई होती, रिटायर्ड गृहस्थ होते, कॉलेजचा पोरगा होता. स्वल्पविरामसुद्धा तिचेच. फक्त प्रत्येकाला आता नाव होतं आणि कुणाचा तरी चोरलेला फोटो होता. लेकराच्या आईच्या मजकुराखाली शेकडो अंगठे होते आणि 'अशा लोकांना धडा शिकवला पाहिजे' म्हणणारी माणसं होती, खरीखुरी माणसं.

"हे मी लिहिलंय," क्रांती म्हणाली.

पूर्णिमाला आधी ती चेष्टा वाटली. मग तिनं क्रांतीचं तोंड बघितलं आणि चहा तसाच ठेवून उठली.

त्याच दुपारी क्रांती ताराबाई पार्कात राजवीरच्या काचेच्या केबिनमध्ये घुसली. राजवीर तिच्याच वयाचा, दाढी कोरलेला, बोलायला गोड. त्यानं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"माझी परीक्षा तू खऱ्या बाईच्या नावावर टाकलीस?"

"शांत व्हा मॅडम. पाणी—"

"पाणी नको. कुणासाठी टाकलीस ते सांग."

"क्लायंटचं नाव सांगायचं नसतंय. पण एक सांगतो, सगळ्यात जास्त चाललं ते तुमचंच. त्या आईचं. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं." तो पुढं वाकला. "तुम्हाला मी बोलावणारच होतो. कायमचं काम देतो. तुमच्यासारखं लिहिणारं दुसरं कोण न्हाय माझ्याकडं."

हेच वाक्य ऐकायला ती वर्षभर तरसत होती. ते या तोंडून, या कामासाठी ऐकताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

"एवढं काय झालंय? तुमचं नाव कुठं हाय त्याच्यावर? कुणाला कळणार?"

"मला कळलंय की!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर कॉम्प्युटरवर बसलेल्यांनी माना वर केल्या. ती त्यांच्याकडं वळली. "तुम्ही काय लिहिताय रे? कुणाच्या पिठल्यात केस टाकताय आज?"

एका मुलीनं पटकन स्क्रीन बंद केली. राजवीरच्या आवाजातला गोडवा गेला. "बाहेर व्हा. आणि जास्त बोलायचं असलं तर लक्षात ठेवा, लिहिलंय तुम्हीच."

ते मात्र खरं होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं पन्हाळ्याला निघाली आणि वाघबिळाच्या पुढं उतरली. खानावळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, सारवलेली जमीन, एका कडेला चुली आणि उघड्यावर मांडलेली बाकडी. जेवायची वेळ असून गिऱ्हाईक नव्हतं. बायडाबाई साठीच्या, नऊवारी खोचलेल्या, चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. मुलगा सयाजी रस्त्याकडं तोंड करून उभा होता.

"या पावणं, बसा," बायडाबाई म्हणाल्या.

क्रांती उभीच राहिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. परीक्षा, राजवीर, लेकराची आई. सयाजी जवळ येऊन उभा राहिला. बायडाबाईंचा हात भाकरीवर थांबला.

"म्हंजी तो केस तू घातलास व्हय माझ्या पिठल्यात?"

"हो."

"हितं कवा आलतीस?"

"कधीच नाही."

"माझ्या हातचं खाल्लंयस कवा?"

"नाही."

"मग चव कशी सांगितलीस गं?" बायडाबाईंनी पिठाचे हात झटकले आणि उठल्या. "परवा गाडी थांबली. बाई उतरली, बारकं कडेवर. फोन बघितला, माझ्याकडं बघितलं आणि नाकाला पदर लावून परत गाडीत बसली. माझ्या डोळ्यांदेखत! मी काय महारोगी हाय? पोरं लहान असल्यापास्नं हितं रांधतो मी. कुणाचं पोट दुखलं न्हाई. वरच्या वळणावर रिसॉर्ट झालं, त्यास्नी ही जागा पायजे होती, मी दिली न्हाई. मला वाटलं भांडायला येतील. भांडलो असतो की! पण हे असलं? कुणाच्या तोंडावर थुकायचं ते बी कळंना."

"माझ्या," क्रांती म्हणाली.

बायडाबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "थुकत न्हाई. पण आज तुला वाढावंसं वाटत न्हाई मला. जा."

सयाजी तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आला. "हे बघ ताई, झालं ते झालं. आता चांगलं लिव्ह. तुला जमतंय. धा-पंधरा नावानं टाक, भाकरी मऊ, पिठलं झ्याक, बाई देवमाणूस. फिटंल की सगळं."

"ते नाही करणार मी."

"का? वाईट लिवताना हात थरथरला न्हाई आणि चांगलं लिवायला लाज वाटती?"

"वाईट लिहिताना मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. खोटं कौतुक टाकलं की तो राजवीरच उद्या दाखवील, बघा, यांचंही विकतचंच आहे. मग तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकानं लिहिलेलंही कुणी मानणार नाही."

"तुझं तत्त्व तू ठेव," सयाजी चिडून म्हणाला. "आमच्या चुली विझाय लागल्यात." आणि पाठ फिरवून गेला.

परतीच्या एसटीत क्रांती खिडकीला डोकं टेकून बसली होती. सयाजीचाही राग आला होता, आणि त्याचं चुकलंय असं म्हणताही येत नव्हतं. घरी येऊन तिनं आधी ज्या साइटवर तो मजकूर होता त्या कंपनीकडं नियमानं तक्रारी केल्या. कंपनीचं ठरीव उत्तर आलं, मजकुरात आक्षेपार्ह काही आढळलं नाही. तेव्हा मात्र तिनं गारगोटीच्या स्टेजवर केलं होतं तेच केलं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसकट, सगळं लिहून इंटरनेटवर टाकलं. राजवीरच्या परीक्षेचा मेल, आपलं उत्तर, आणि शेजारी खानावळीच्या नावाखालचा मजकूर. 'या बाईंच्या पिठल्यात केस नव्हता. तो मी लिहिला. मी तिथं कधी गेलेही नव्हते. मला हे फसवून लिहायला लावलं, पण लिहिताना मला मजा आली, तेही सांगते. ज्यांनी कुणी अशी परीक्षा दिली असेल, त्यांनी आपलं लिखाण कुठं गेलं ते शोधा.'

ते कोल्हापुरात वणव्यासारखं पसरलं. लोकांनी बायडाबाईंची बाजू घेतली आणि क्रांतीला मनसोक्त शिव्याही घातल्या. तिनं त्या सगळ्या वाचल्या. मग मेल येऊ लागले. इचलकरंजीच्या एका मुलीनं डोळ्यांच्या डॉक्टरवर लिहिलं होतं, एका रिटायर्ड मास्तरांनी एका क्लासवर. राजवीरच्या ऑफिसात स्क्रीन बंद करणारी मुलगीही बोलली. सौंदर्या तिचं नाव. नोकरी सोडून आली होती. सगळ्यांनी मिळून पुराव्यानिशी तक्रार केली तेव्हा कंपनीला जाग आली आणि बराचसा मजकूर उडाला. लेकराची आई मात्र कितीतरी दिवस तशीच राहिली. का, ते कुणी सांगितलं नाही. राजवीरनं वकिलाची धमकी दिली, वकील काही आला नाही. एजन्सीची पाटी उतरली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावानं चढली.

क्रांतीची हातातली दोन कामं गेली. 'तुम्ही वादग्रस्त आहात,' असं एकानं कळवलं. दातांच्या डॉक्टरांनी मात्र तिचं नाव आपल्या भावाला सुचवलं.

ती पुन्हा पन्हाळ्याला गेली ती कॅमेरा घेऊन. "तुमची वेबसाइट मी करते. खरी. चुली दाखवूया, पाणी कुठलं ते दाखवूया. येणाऱ्याला सांगायचं, वाटलं ते लिहा, वाईट वाटलं तर वाईट लिहा."

"वाईट बी?" सयाजी म्हणाला.

"वाईट बी."

बायडाबाईंनी ताट वाढलं. भाकरी, पिठलं, खर्डा, कांदा. ताट तिच्यापुढं जवळजवळ आदळलंच. "आधी खा. मग लिव्ह. आधी खायचं असतंय."

क्रांती खाली बसून जेवली. खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचं तिनं टाळलं. तिनं लिहिलं, खर्डा फार तिखट आहे, जपून घ्या. सयाजी वैतागला, पण लिहिलेलं राहिलं.

महिनाभरानं सांगलीच्या कुणा कुटुंबानं लिहिलं: 'जेवण उत्तम. पण दुपारी बाकड्यांवर ऊन येतं, लहान मुलांचे हाल होतात. तीन तारे.' सयाजीनं ते आईला वाचून दाखवलं. बायडाबाई भडकल्या. "उनाला मी काय करू? सूर्य माझ्या बापाचा हाय?" क्रांतीला फोन लावून तिलाही ऐकवलं. तासाभरानं स्वतःच पुन्हा फोन केला, आवाज तेवढाच चढलेला.

"मांडव घालायला माणसं सांगितल्यात. आणि त्या सांगलीवाल्यास्नी लिव्ह, माझ्या नावानं. म्हणावं, पुन्यांदा या. सावली केलीया."