ओडेसाचा प्रश्न

"थांब, घाई नको. बोट ओळीवर ठेव आणि वाच," लॉरेनबाई म्हणाल्या.

नऊ वर्षांची किझाया जाडजूड शब्दकोशावर ओणवी झाली. अलाबामातल्या त्या छोट्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी एक मूल एक क्रियापद निवडी आणि त्याचं मूळ शोधून सगळ्यांना सांगे. शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लॉरेनबाईंनीच हा परिपाठ सुरू केला होता. किझायाने आज 'आस्क' निवडलं होतं. म्हणजे विचारणं.

"जुना अर्थ, हवं असणं, शोधणं," तिने अडखळत वाचलं. "हजार वर्षांपूर्वी लोक 'आस्क' म्हणायचे आणि 'आक्स'पण म्हणायचे. जुन्या बायबलातसुद्धा 'आक्स' छापलंय." तिने मान वर केली. "म्हणजे माझी आजी 'आक्स' म्हणते ते बरोबरच की!"

पोरं खिदळली. मागे बसलेली तिची आजी ओडेसा मात्र हसली नाही.

लॉरेनबाईंची नजर ओडेसाकडे गेली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ओडेसा त्यांच्याच तिसरीच्या वर्गात होती. वर्गाचा नियम होता: 'आक्स' म्हणणाऱ्याने आधी दहादा 'आस्क' म्हणायचं, मगच बाई प्रश्न ऐकणार. तो नियम फक्त काळ्या मुलांच्याच वाट्याला येतो, हे गोऱ्या लॉरेनबाईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. एका सकाळी ओडेसा टेबलापाशी आली. सहाव्या 'आस्क'ला जीभ अडखळली आणि तिच्या पायांशी ओल पसरली. बाथरूमला जाऊ का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्यानंतर वर्षभर ती टेबलाकडे फिरकली नाही. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, 'शांत, आज्ञाधारक.'

"मग 'आक्स' शाळेत का नाही चालत, बाई?" किझायाने विचारलं.

शाळेची भाषा वेगळी असते, हे नेहमीचं उत्तर ओठांवर तयार होतं. बाईंनी ते गिळलं.

"माझ्यासारख्यांनी चालू दिलं नाही म्हणून. हे पान मी कधी उघडलंच नाही. मला वाटायचं, मला येतंय." त्या मागे वळल्या. "ओडेसा, त्या दिवशी चूक तुझी नव्हती गं. माझी होती."

"एक पान उलटायला सत्तेचाळीस वर्षं लागली होय, बाई?" ओडेसाचा आवाज चढला नव्हता.

"लागली."

"मी माझ्या पोरींनाही तेच शिकवलं. तोंड उघडायच्या आधी मनात घोकायचं. ही एक भवानी तेवढी ऐकत नाही."

"कुठल्या दिवशी? काय झालं होतं, आजी?" किझायाने विचारलं.

"घरी चल. सांगते."

ओडेसाने नातीचा हात धरला. बाईंकडे न बघता दोघी बाहेर पडल्या.

लॉरेनबाईंनी उरलेल्या मुलांकडे पाहिलं. "काही विचारायचंय का रे, बाळांनो? कसंही विचारा."

बाई बराच वेळ थांबल्या. कुणीच काही विचारलं नाही.