उजव्यासाठी उजवा

गेल्या वर्षी मालाड फार सुंदर दिसायला लागलं. मालाडमध्ये राहणाऱ्या कुणी हे ऐकलं तर तो मलाच वेड्यात काढेल, पण खरंच सांगते, तसंच झालं होतं. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बाहेर उभी राहायचे, तेव्हा समोरच्या भाजीवाल्यांच्या बल्बांभोवती सोनेरी कडी पडलेली असायची. रिक्षांचे दिवे फुलत फुलत यायचे. पौर्णिमेचा चंद्र कडेला विरघळलेला असायचा. मला वाटायचं, पन्नाशी उलटली, लेक मार्गाला लागली, आता कुठे आपल्याला बघायला सवड मिळतेय.

"शरद, बघ ना, कसले मऊ दिसतायत दिवे," मी नवऱ्याला म्हणायचे.

"मला तर मेले डोळ्यात घुसतायत," तो म्हणायचा. "तुझं आपलं काहीतरीच."

मी त्याची कीव करायचे. शरदचा सगळा जन्म बँकेत गेला, त्याला काय कळणार!

मी उत्तरा. ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासते आणि चष्म्याचा नंबर काढते. लोक डॉक्टर म्हणतात आणि मी दर वेळी "मी डॉक्टर नाही हो" म्हणून सांगते, कारण मला माझ्या शिस्तीचा फार तोरा आहे. हनुवटी टेकवायची पट्टी प्रत्येकानंतर पुसायची. घाईत नंबर काढायचा नाही. डोळ्याच्या आत काही वावगं दिसलं तर आपला शहाणपणा न चालवता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, झेंडूची माळ घालून झाली, की त्याच चार्टसमोर बसून स्वतःचे डोळे तपासायचे. दर दसऱ्याला मी शेवटची ओळ घडाघडा वाचते. शरद टाळ्या वाजवतो आणि मग आम्ही श्रीखंड खातो.

त्याच वर्षी मला माणसांच्या डोळ्यांत मोतीबिंदूही फार दिसायला लागला होता. हातातला दिवा डोळ्याजवळ धरून आत बघितलं, की बाहुलीमागे पातळ साय धरल्यासारखी. चाळिशीतल्या बायका, पन्नाशीतले पुरुष, सगळ्यांना सुरुवात झालेली. मी हळहळायचे आणि पाठवून द्यायचे. काय हवा झालीय शहराची, म्हणायचे. पाठवलेल्यांतले कित्येक जण जायचेच नाहीत, आणि जे जायचे ते "काही नाही" ऐकून आल्यावर मला सांगायला कशाला परत येतील?

गुणाजीभाऊ न गेलेल्यांतले. मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे स्वतः आमच्याच मागच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात काम करतात. त्यांचं काम एकच, डोळ्यांची आखणी. मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. सगळं झालं की शेवटी गुणाजीभाऊ बारीक ब्रश घेऊन समोर बसतात आणि पांढऱ्या कोऱ्या डोळ्यांत बघणं उतरवतात. गिऱ्हाइकं "डोळे गुणाजींचेच हवेत" असं सांगून ठेवतात. ते चैत्रात वाचायच्या चष्म्यासाठी आले होते. मी आत बघितलं आणि नेहमीची साय दिसली.

"मोतीबिंदू धरतोय, गुणाजीभाऊ."

"मॅडम, माझा काम डोळ्यांचाच असा," ते म्हणाले. "ऑपरेशन करूचा लागतला?"

"आज ना उद्या. डॉक्टरांना दाखवून घ्या."

त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरले. मी पट्टी पुसली आणि पुढच्याला बोलावलं.

आषाढात संघटनेचं प्रशिक्षण आलं. आमच्या व्यवसायात दर काही वर्षांनी पुन्हा शिकून यावं, हात आणि माहिती ताजी आहे हे दाखवावं, असा आग्रह आहे. मी घरात आदळआपट केली. "इतकी वर्षं डोळे तपासतेय, आता काय मला बाराखडी शिकवणार?" शरद म्हणाला, "जा ना, जेवण चांगलं असतं." तेवढ्यावर मी अंधेरीला गेले.

आम्हाला जोड्या लावून एकमेकांचे डोळे तपासायला बसवलं. माझ्या वाट्याला दहिसरची अक्षता आली. कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते तिला, टपोऱ्या डोळ्यांची, सारखी हसणारी. शिकवणाऱ्या बाई मध्ये उभ्या राहून सांगत होत्या, "समोरच्याचा उजवा डोळा आपल्या उजव्याने बघा, डावा आपल्या डाव्याने. सवय मोडली असेल तर आज लावून घ्या."

माझी सवय कधीच मोडली होती. मला उजव्यानेच बघायला सोपं जातं, म्हणून मी दोन्हीकडे उजवाच लावते. समोरच्याचा डावा बघताना नाकावर नाक येतं, तर मी मान तिरकी करून वरून शिरते. आमच्यातले पुष्कळ जण तसंच करतात. पण बाई माझ्याच खुर्चीमागे येऊन थांबल्या, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, करू या त्यांच्या मनासारखं. दिवा डाव्या हातात घेतला, आपला डावा डोळा लावला आणि अक्षताच्या डाव्या डोळ्यात बघितलं.

आत लख्ख होतं. केशरी उजेड, आणि त्यात बारीक शिरा एकेक मोजून घ्याव्यात अशा पसरलेल्या. इतकं स्वच्छ मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. पोरीचा डोळा आहे, असणारच, म्हटलं. मग दिवा उजव्या हातात घेतला आणि आपल्या उजव्याने तिचा उजवा बघितला. तिथे साय होती.

एवढ्याशा मुलीला! कसं सांगायचं हिला? खात्री करायला म्हणून मी माझ्या जुन्या पद्धतीने मान तिरकी केली, आणि आताच लख्ख दिसलेला तिचा डावा डोळा उजव्याने बघितला.

तिथेही साय.

मी दिवा खाली केला. बाजूच्या जोड्यांचं बोलणं चालूच होतं, वर पंखा फिरत होता, खिडकीबाहेरची अंधेरी सोनेरी, मऊ, अर्धवट झोपेत असल्यासारखी दिसत होती. मी हळूच उजवा डोळा हाताने झाकला. इमारतींना एकदम कडा आल्या. समोरच्या गच्चीवरच्या दोरीवरचे कपडेसुद्धा वेगवेगळे दिसले. हात बदलून डावा झाकला, आणि मालाडचं ते सगळं सौंदर्य परत आलं.

"मॅडम, काय झालं?" अक्षता घाबरली. "माझ्या डोळ्यात काही आहे का?"

"तुझ्या नाही गं," मी म्हटलं. "माझ्या बघ."

तिने बघितलं. हसरी मुलगी हसायची थांबली. "उजव्यात आहे, मॅडम. बराच आहे. तुम्हाला कळलं कसं नाही?"

कसं कळणार? दसऱ्याला मी जो चार्ट वाचत होते तो मला पाठ आहे. झोपेत विचारा, शेवटची ओळ उलटीसुद्धा म्हणून दाखवते. वाचणं केव्हाच संपलं होतं, मी नुसती म्हणत होते आणि नवरा टाळ्या वाजवत होता. आणि डोळ्यातलं ते धुकं घेऊन मी एकेकाच्या डोळ्याशी जात होते आणि ते त्यांच्या पदरात टाकून येत होते. मला लाज वाटली, इतकी की जेवणाला न थांबता मी निघाले.

सरळ गुणाजीभाऊंचं घर गाठलं. दार उघडंच होतं. ते डोळे मिटून, एक हात पुढे धरून, मोरीपासून खिडकीपर्यंत चालत होते.

"बघा, मॅडम, बघा," त्यांची बायको सुगंधाताई कावली होती. "तुमी सांगल्यापासून ह्यांचा ह्याच चल्लाहा. आतापासून सवय करतत म्हणे. परवा दुधाचो टोप सांडल्यानी. आणि कारखान्यात ब्रशाक हात लावूक तयार नाय. देवाचे डोळे चुकले तर, म्हणतत."

गुणाजीभाऊ डोळे उघडून उभे राहिले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमच्या डोळ्यात काही नसावं, चूक माझी, मला जे दिसलं ते तुमचं नव्हतं.

त्यांना ते उलगडायला वेळ लागला. "मगे ह्यो मोतीबिंदू कोणाचो?"

"माझा."

सुगंधाताईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला दिसलं नाही. गुणाजीभाऊ मात्र हसले नाहीत. "तेव्हा हा म्हणाल्यात, आता नाय म्हणतास. मी खयचा खरा धरू?"

"माझं कुठलंच धरू नका," मी म्हटलं. "दुसऱ्याला दाखवा. मी बरोबर येते."

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, देवव्रतांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे नीट बघून सांगितलं, मोतीबिंदू अजिबात नाही. मग त्याच खुर्चीत मी बसले आणि माझ्या ऑपरेशनचा दिवस ठरला. तोवर माझ्या दुकानात तपासणी बंद. अक्षताला आठवड्यातून काही दिवस बोलावलं आणि त्या वर्षात मी पाठवलेल्या एकेकाला फोन करून परत तपासायला बोलावलं. काहींनी मला फोनवरच झापलं. मी ऐकून घेतलं.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा जग पांढरं आणि टोकदार झालं होतं. भाजीवाल्यांचे बल्ब नुसते बल्ब होते. दुकानाच्या भिंतीला ओल आली होती, ती मी एवढे दिवस सावली समजत होते. शरदच्या कपाळावर एवढ्या आठ्या कधी पडल्या? मला त्या मऊ दिव्यांची आठवण येऊन रडू आलं, आणि शरद म्हणाला, "अगं, डोळ्यात पाणी नको, डॉक्टर ओरडतील."

गणपती तोंडावर आले तेव्हा सुगंधाताई दुकानात आल्या. "डॉक्टरांनी सांगल्यान, तरी ते नाय बसनत हो. ब्रश घेतत नि खाली ठेवतत."

डॉक्टर देवव्रतांनी मला काम करायला परवानगी दिली होती, अक्षताने नव्या, मला पाठ नसलेल्या चार्टवर मला दमात घेऊन तपासलं होतं. मी दिवा पिशवीत टाकला आणि कारखान्यात गेले.

ताडपत्रीखाली दुपारचा निळसर उजेड होता. रांगेने गणपती बसलेले. पीतांबर, शेला, सोंड, सगळं रंगलेलं, फक्त डोळे पांढरे. इतके सगळे देव आणि कुणीच बघत नव्हतं. मला तिथे स्वतःच्या पावलांचा आवाज करायचीही भीती वाटली. मधोमध गुणाजीभाऊ बसले होते. त्यांनी डोळे मिटले होते, आणि मिटल्या डोळ्यांनीच चाचपून काळ्या रंगाची वाटी जवळ ओढली, ब्रश उचलला. आता सवयच झाली होती त्यांना. ती मी लावली होती.

मी समोर जाऊन बसले. "बघू का?"

त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. त्यांचा उजवा मी उजव्याने बघितला. मग दिवा डाव्या हातात घेऊन डावा डाव्याने. मग, त्यांनी काही विचारायच्या आत, पुन्हा एकदा.

"काय दिसता?"

"काही नाही."

"कायेक नाय?"

"लख्ख आहेत. दोन्ही."

ते माझ्या उजव्या डोळ्यात निरखून बघत राहिले. मोठ्या कारागिराने दुसऱ्याचं काम तपासावं तसं बघितलं त्यांनी, आणि मी पापणी न हलवता बसून राहिले.

"बरो झालो हा तुमचो," ते म्हणाले. मग मूर्तीकडे वळले, श्वास धरला आणि पहिल्या डोळ्यात बुबुळ टेकवलं. दुसरं बुबुळ झालं, आणि गणपती आमच्याकडे बघायला लागला.

मी उठले तेव्हा ते पुढच्या मूर्तीसमोर सरकत होते. मागे न बघताच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्साक परत येवा माझे डोळे बघूक. पण पयले तुमचे कोणाकडना तरी बघून घेवा, मगेच येवा."

"हो," मी म्हटलं, आणि दिवा पिशवीत ठेवला.