दारावरचा ओरखडा

गल्लीत त्याला सगळे चकाचक म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. आठवडाभर तो कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये बसून लोकांच्या दातांना पॉलिश करायचा आणि सुट्टी आली की घरच्या पोर्चमध्ये बादल्या, ब्रश, मऊ फडकी मांडून गाड्यांच्या मागे लागायचा. बहिणीची गाडी, मेव्हण्याची गाडी, बायकोच्या मावशीची गाडी, कुणाचीही आणा. एक पैसा घ्यायचा नाही. काम झालं की 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो जोडून सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा, आणि मग अर्धा दिवस फोन हातात धरून कौतुकाची वाट बघायचा. हौस म्हणा, खोड म्हणा. बायको व्यसन म्हणायची.

एवढ्या गाड्यांत एका गाडीला मात्र त्याचा हात लागला नव्हता, ती वडिलांची. बाबा लावू द्यायचे नाहीत. "गाडी चालते ना? मग तिचा आरसा कशाला करायचाय?" असं म्हणून उडवून लावायचे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानदारांचे काटे तपासत गावोगाव फिरले, ते याच गाडीतून, आणि कुणा दुकानदाराच्या चहालाही कधी शिवले नाहीत. गाडी निळी होती असं आपलं म्हणायचं. उन्हाने तिचा रंग पार विटला होता, टपावरचे पापुद्रे निघाले होते, हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. मागच्या मडगार्डला मोठा पोचा होता आणि ड्रायव्हरच्या दारावर फाटकाच्या कडीने ओढलेला हातभर ओरखडा.

अलीकडे बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी औषधांच्या वेळा गेल्या, मग शेजारपाजारची माणसं गेली, आणि शेवटी मुलाचीही पाळी आली. बाबा चकाचकला 'अहो' म्हणायला लागले. "अहो, तुम्ही जेवलात का?" असं बापाने पोटच्या पोराला विचारावं आणि पोराने "हो, जेवलो" म्हणून तोंड फिरवावं, काय बोलणार! पण दुपारचा चहा झाला की बाबा पोर्चमध्ये यायचे. पोच्यावरून हात फिरवायचे. मग दारावरच्या ओरखड्यावर बोट ठेवून ते शेवटापर्यंत ओढत न्यायचे आणि दार उघडून आत बसायचे. स्टेअरिंगवर त्यांच्याच अंगठ्याने झिजवलेली एक जागा होती. तिथे अंगठा बसला की म्हातारा बदलायचा. पाठ ताठ व्हायची, आवाज चढायचा. "बाळ्या, बस लवकर. काच वर कर, धूळ येतेय!" मग चकाचक शेजारी बसायचा आणि दोघं जागच्या जागी गाडी चालवत सगळा मुलूख पालथा घालून यायचे. दिवसातून तेवढा वेळ त्याला त्याचा बाप मिळायचा, आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

पण माणसाला अवदसा आठवते ती अशी. एकदा गाडीत बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "म्हातारी झाली रे गाडी, बाळ्या." झालं! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती परवानगी मिळाली असं याने धरलं. योगायोगाने बहीण बाबांना थोडे दिवस स्वतःकडे घेऊन गेली. चकाचकने लॅबमध्ये रजा टाकली, पोर्चला चहूबाजूंनी प्लास्टिकचे पडदे लावले आणि बाह्या सरसावल्या.

काम मात्र त्याने असं केलं की बघत राहावं. आधी दोन बादल्यांनी धुणं, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, म्हणजे फडक्यातली माती परत गाडीवर जात नाही. मग टप घासून नवा रंग. मडगार्डचा पोचा आतून आकडा घालून हळूहळू उचलला. दारावरच्या ओरखड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकल्यावर ओल्या पॉलिशपेपरने घासली, रंग मारला, पुन्हा घासलं, पुन्हा मारला. डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे काही लागेना, तेव्हा गडी खूश झाला. हेडलाइट पाण्यासारखे स्वच्छ. सीटला नवी कव्हरं. जुनी कव्हरं भंगारवाला घेऊनही गेला.

तो स्टेअरिंगला हात घालणार तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अहो, हे तेवढं राहू दे ना तसंच," ती म्हणाली.

"अगं, सगळी गाडी नवी आणि स्टेअरिंग असलं भिकार? लोक काय म्हणतील?"

"लोक बसणारेत का तिच्यात?"

याने ऐकलं नाही. झिजलेली जागा घासून सपाट केली, रंग दिला, वरून चामड्याचं कव्हर स्वतः सुईदोऱ्याने शिवलं. फोटो पाठवले. कौतुकाचा नुसता पाऊस पडला. मेव्हण्याने तर लिहिलं, 'बाबांना आता घरी आणतोच, त्यांचा चेहरा बघायचाय.'

आणि बघितला बरं का सगळ्यांनी तो चेहरा. बाबा मेव्हण्याच्या गाडीतून उतरले, चहा घेतला, नेहमीसारखे पोर्चमध्ये आले आणि थबकले.

"ही कुणाची गाडी आपल्या जागेत लावलीय?"

"बाबा, आपलीच! बघा तरी जवळून."

बाबांनी मडगार्डवर हात ठेवला. तिथे पोचा नव्हता. दारापाशी येऊन बोट टेकवलं, पुढे सरकवलं, मागे आणलं, परत पुढे नेलं. बोटाला काही सापडेना. चकाचकने घाईघाईने त्यांना आत बसवलं. बाबांचा अंगठा नव्या चामड्यावरून नुसता घसरत राहिला. ते उतरले आणि शर्टाला हात पुसले.

"अहो, मला माझी गाडी दाखवा. ही कुणा श्रीमंत माणसाची आहे."

"नंबर बघा ना बाबा! नंबर तोच आहे की नाही?"

बाबांनी वाकून नंबर वाचला. खात्यातला माणूस शेवटी. "नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "चोर नंबर बरोबरच लावतात."

मेव्हणा हसला. बाकी कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं. चहा झाला की बाबा पोर्चमध्ये यायचे, परकी गाडी बघायचे आणि फाटकाशी जाऊन उभे राहायचे. घासभर खायचे नाहीत, बसायचे नाहीत. "आमची गाडी नेलीय कुणीतरी," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. एकदा फाटक उघडं राहिलं आणि ते निघून गेले. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सापडले ते बाजारात, रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांच्या रांगेत. प्रत्येक गाडीच्या दारावरून हात फिरवत चालले होते. एक गाडीवाला त्यांच्या अंगावर ओरडत होता आणि बाबा त्याला समजावत होते, "एक मिनिट हो, फक्त दार बघतो." चकाचकने त्यांचा हात धरला. "तुम्ही कोण?" बाबांनी विचारलं. रस्त्यात उभ्या उभ्या त्याला रडू फुटलं, आणि ते लपवायचंही त्याला सुधरेना.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "मी होती तशी करतो गाडी."

"कशी करणार?"

"करतो कशीही!"

बोलणं सोपं होतं. नवी गाडी जुनी करायची औषधं काही बाटलीत मिळत नाहीत. चामड्याचं कव्हर त्याने उसवून काढलं, पण खालची झिजलेली जागा त्यानेच घासून घालवली होती. ती परत आणायची तर एका अंगठ्याला जन्मभर तिथे बसवायला हवं. पोचा पाडायला हातोडी उचलली आणि खाली ठेवली, कारण तसाच पोचा पडेल कशावरून? राहता राहिला ओरखडा. त्याचा फोटो होता, 'आधी'चा. बाबा दुपारचे झोपलेत असं बघून त्याने फोटो समोर ठेवला, हातात जाडशी किल्ली घेतली आणि दारासमोर उकिडवा बसला.

हात चालेना! आयुष्यभर ज्याने फडक्यातल्या एका खड्यालाही घाबरून काम केलं, त्याने आपल्या हाताने रंग फाडायचा? शेवटी डोळे बारीक करून त्याने किल्ली टेकवली आणि ओढली. असा कर्कश आवाज झाला की त्याचेच दात आंबले. वीतभर रेघ उमटली. त्याने फोटो पाहिला, पुन्हा किल्ली लावली.

"ए! काय चाललंय?"

मनगट मागून कुणीतरी गच्च धरलं. बाबा होते. डोळ्यांत जाळ, पाठ ताठ.

"बाळ्या! लोकांच्या गाडीवर ओरखडे काढतोस? लाज नाही वाटत?"

बाळ्या! चकाचकला हसावं की रडावं कळेना. मार पडला असता तरी त्याने हसत खाल्ला असता. "बाबा," एवढंच तो म्हणाला.

"बाबाबिबा काही नाही. चल. ज्याची गाडी आहे त्याच्यासमोर उभं राहायचं आणि माफी मागायची. चल आधी!"

आणि टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या त्या बाप्याला मनगटाला धरून म्हातारा गल्लीतून घेऊन निघाला. शेजारच्या ट्यूशनच्या बाईंचं दार वाजवलं. त्या भाबड्या. "अहो, ही तर तुमचीच गाडी," म्हणाल्या. बाबा भडकले. "पोराला पाठीशी घालू नका, बाई! अशाने बिघडतात मुलं." चकाचक मान खाली घालून उभा होता. हे थांबावं असं त्याला वाटत होतं, आणि मनगट सुटू नये असंही वाटत होतं.

समोरच्या घरात चष्म्याच्या दुकानाचे मालक राहायचे. माणूस हुशार. त्याने बापाकडे बघितलं, लेकाकडे बघितलं, आणि क्षणात ओळखलं.

"गाडी ना? माझीच आहे," तो म्हणाला. "काय झालं?"

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "माझ्या मुलाने ओरखडा काढलाय तुमच्या गाडीवर. बाळ्या, माग माफी."

"चुकलो," चकाचक म्हणाला. "परत नाही करणार." आणि ते म्हणताना त्याचा आवाज खरोखरच फाटला.

"असू दे, असू दे. पोरं करतातच," चष्मेवाले म्हणाले.

"तुमचा मोठेपणा. पण मी शब्द देतो," बाबा म्हणाले. "आमच्या घरातलं कुणीही यापुढे तुमच्या गाडीला बोटसुद्धा लावणार नाही." दोघांनी हात मिळवले. निघताना चष्मेवाल्यांनी चकाचकच्या कानात "सुटलात!" असं म्हणून डोळा मारला. चांगुलपणाच तो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की तो काय घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. चकाचक आशेने पोर्चमध्ये उभा होता. ओरखडा वाकडातिकडा का असेना, होता. त्याने ड्रायव्हरचं दार उघडून धरलं. "बाबा, चला, बसू या."

बाबा दोन हात लांबच थांबले. "नको. समोरच्या गृहस्थांची आहे ती. मी शब्द दिलाय त्यांना."

सकाळी काय खाल्लं ते ज्याला सांगता येत नव्हतं, त्याला हे बरोबर आठवत होतं. सगळं गेलं होतं, दिलेला शब्द तेवढा जाग्यावर होता. चकाचकने दोनदा विनवलं, एकदा रागावूनही पाहिलं. शेवटी त्याने दार लावून टाकलं. बायको खिडकीतून बघत होती, ती आत निघून गेली.

बाबा पायरीवर बसले, गाडीकडे तोंड करून. जरा वेळाने त्यांनी त्याला हाताने जवळ बोलावलं.

"अहो, तुम्हाला थोडा वेळ आहे का? बसा इथे. आमचा बाळ्या येतो ओरखडे काढायला. लक्ष ठेवायला हवं."

चकाचक त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. "कुठे असतो तो?" त्याने विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी. भीतीने लपला असेल, लहान आहे हो." बाबांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला दिसला तर एवढं सांगा, बाबा मारणार नाहीत. घरी ये म्हणावं."

"सांगतो," चकाचक म्हणाला.