धवल्याला पेटी

बाळकुमच्या आवडाबाईला इंग्रजी बाज्याचा नुसता कंटाळा नव्हता, किळस होती. पितळेची ती वाकडी तोंडं, त्यांतून ठिबकणारी थुंकी, आणि लाल डगले घालून गाल फुगवणारे ते घामट बाप्ये! असलं काही लग्नाच्या मांडवात आणून बसवायची बुद्धी माणसाला होतेच कशी, असं ती चारचौघांत बोलून दाखवी. ठाण्याला पलटणीपुढे काय वाजायचं ते वाजो, तिचं काही म्हणणं नव्हतं. पण अलीकडे खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या हातात पैसा खेळू लागला होता, आणि ज्याला त्याला आपल्या मांडवात हा धिंगाणा हवा होता.

आवडाबाई धवलारीण होती. इथल्या आगऱ्यांच्या घरी लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळद लागण्याआधी ती धवला गाते, दोन्ही घरच्या देवांना आणि पितरांना नावं घेऊन मांडवात बोलावते, आणि मगच पुढचं सगळं. तिच्या जोडीला सखुबाई, तिची धाकटी जाऊ. आवडाबाईनं ओळ सोडायची, सखुबाईनं उचलायची, असं दोघी लग्न होऊन घरात आल्यापासून चाललेलं. आता दोघींचे गळे थकले होते. बाजा सुरू झाला की मांडवातल्या लोकांना दोन म्हाताऱ्यांचे ओठ हलताना दिसत, एवढंच.

कोलशेतचा काळुराम पोरीच्या लग्नाची सुपारी घेऊन आला तेव्हा त्यानं ते तोंडावरच सांगितलं.

"आवडाबाय, बाजा मी सांगलाय. तो काय मी परत धाडनार नाय. पन तुमचा धवला मांडवाच्या शेवटाला आयकाला आला पायजे. नाय आला, त पुढच्या पोरीच्या लग्नाला मी भट बोलवीन. त्याचा आवाज तरी खणखणीत हाय."

एवढं बोलून तो पान चघळत निघून गेला. अंगणात पिचकारी टाकून गेला ती वेगळीच. आवडाबाईच्या डोक्यात तिडीक गेली, पण पिचकारीवर पाणी ओतताना ती हिशेबही करू लागली. काळुरामनं भट आणला की खाडीकाठचं प्रत्येक घर आणणार. मग धवलारणीला कोण विचारतो? तिच्या सासूनं तिच्या ओटीत घातलेला धवला तिच्याबरोबरच सरणावर जायचा.

तोड काढली परशुरामनं. हा तिच्या बहिणीचा मुलगा. चांगला बायकापोरांचा धनी, पण चार वर्षं एका नाटक कंपनीत पेटी वाजवण्यात घालवलेला. कंपनी बुडाली तेव्हा हात हलवत घरी आला.

"मावशी, तुज्या आवाजाला पेटीचा टेकू दे," तो म्हणाला. "पेटी मोठी असली का तुजा आवाज तिच्यावर बसून जातो. नाटकात सगले तेच करतान."

आवडाबाईला नाटकवाल्यांचीही किळसच होती. मिशा काढून लुगडी नेसणारे बाप्ये! पण तिनं दंडातल्या चांदीच्या वाक्या काढल्या, विकल्या, आणि तेवढ्या पैशांत बसेल ती पेटी घ्यायला सखुबाईला धरून तिघं मिठाच्या मचव्यात बसून भरतीबरोबर कल्याणला निघाली.

कल्याणच्या बाजारात राघोशेट नावाचा माणूस बुडालेल्या कंपन्यांचा जुना माल विकत असे. दुकान कसलं, घाणीचं कोठार ते. राजांचे कळकट झगे, केसांचे टोप, भिंतीवर ओल, आणि सगळ्यावर उंदरांच्या मुताचा वास. सखुबाईनं दारातच नाकाला पदर लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. राघोशेट दर वाक्यागणिक अंगठा चाटून हाताला लागेल ती वस्तू पुशी. आवडाबाईनं ठरवलं, इथं कशालाही हात लावायचा नाही.

आधी त्यानं पायपेटी दाखवली. पायानं भाता मारायचा, टेबलाएवढी थोरली. आवाज असा की शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. पण ती गावोगाव न्यायची तर बैलगाडी करावी लागणार, आणि वाक्यांच्या पैशांत तिचे पायसुद्धा आले नसते. मग एक छोटी पेटी आली, विलायती, मांडीवर मावेल अशी. आवाज गोड होता. परशुरामचा चेहरा खुलला. "घरात बसून गानी म्हनाला झकास हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली. बाज्यापुढे तिचं काय चालणार?

शेवटी राघोशेटनं गोणपाटाखालून मधल्या आकाराची एक पेटी ओढली. तिचं झाकण उघडताच दोन झुरळं पट्ट्यांवरून पळाली. पट्ट्या कुणाकुणाच्या घामानं पिवळ्या पडून चिकट झालेल्या, भात्याच्या घड्यांत हिरवी बुरशी. परशुरामनं भाता ओढला तर आतून आधी कुबट वारा आला आणि मागून आवाज. पण आवाज मात्र जबर होता! त्यानं नाटकातलं एक पद वाजवलं, तर रस्त्यावरचा बैल बुजला.

"ही घे, मावशी," परशुराम म्हणाला. "भाता मी पुसून काढीन."

"जिवाला ओक येते तिच्याकडं बगून," सखुबाई पदराआडून म्हणाली.

राघोशेट हसला. "वास जाईल हो, बाई. आवाज बघा. तुम्ही काय गाता ते गा ना जरा तिच्यावर. सूर लावून बघा आणि मगच न्या."

आवडाबाई दोन पावलं मागं सरकली. "घरात लगीन नसता धवला गात नाय," ती म्हणाली. "देव बोलवाचे, आन् बसवाचे कुठं? तुज्या दुकानात?"

"मग दुसरं काही म्हणा."

दुसरं काही तिला येत होतं कुठं? आणि येत असतं तरी या उकिरड्यात तिनं तोंड उघडलं नसतं. आवाज मोठा होता, पैशांत बसत होता, झालं. पेटी न गाता घेतली. सूरबीर ती बघणार नव्हती. पाटावर बसून सासूच्या तोंडाकडे बघत शिकलेल्या गाण्याला कुणाचा सूर लागतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरी आल्यावर परशुरामनं पेटी उन्हात ठेवून लिंबाच्या पाल्यानं घासली. बुरशी गेली. वास राहिला तो राहिलाच.

हळदीच्या दिवशी काळुरामच्या दारात माणसं मावत नव्हती. बाज्यानं कानठळ्या बसवल्या होत्या. नवरी पाटावर बसली तेव्हा काळुरामनं हात वर करून बाजा थांबवला आणि मोठ्यानं म्हणाला, "आता धवला!" सगळ्यांच्या माना इकडे वळल्या. लाल डगलेवाले शिंगं झटकून थुंकी जमिनीवर सांडत उभे राहिले, आणि हळदीच्या मांडवात ती थुंकी बघून आवडाबाईचं काळीज जळलं.

परशुरामनं पेटीचा भाता मारला. आवडाबाईनं ओळ सोडली. पहिली ओळ निभावली. पेटीच्या मागं तिचा आवाज खरंच मांडवाच्या टोकाला गेला, कडेला बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. जन्मात पहिल्यांदा तिला त्या कुबट लाकडाबद्दल बरं वाटलं.

दुसरी ओळ खाली उतरते. ती जिथं उतरते ती जागा पेटीत नव्हतीच. एक पट्टी तिच्या वर होती, एक खाली. परशुरामनं वरची दाबली, मग खालची दाबली, आणि दोन्ही वेळा पेटी आणि म्हातारी एकमेकींवर खेकसल्यासारखा आवाज झाला. पेटी मोठी. त्यामुळे चुकली कोण, तर म्हातारी! मागं उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. "म्हातारी सुरातून सुटली," कुणीतरी म्हणालं. एका बाजेवाल्यानंही दात काढले. याच्याकडून हसून घ्यायचं तेवढं राहिलं होतं!

काळुरामच्या कपाळाला आठी पडली. तो शेजारच्या पाहुण्याच्या कानाला लागला. भटाचंच बोलणं असणार, आवडाबाईला तिथूनही कळलं.

"मावशी, थोडी वर घे," परशुराम खालच्या आवाजात म्हणाला. "सुतभर. मंग बसतंय."

"पेटी बंद कर," सखुबाई म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता ओळ जुन्या जागी उचलली, सासूनं शिकवलेल्या ठिकाणी. पुन्हा हसं झालं. सखुबाईच्या तोंडावरची रेघ हलली नाही. ती गात राहिली.

आवडाबाईनं काळुरामकडे बघितलं. मग तिनं ती ओळ पुन्हा घेतली, आणि सुतभर वर घेतली.

पेटी नि ती एक झाली. आवाज असा भरून निघाला की पोरं गप्प बसली. "वा, म्हातारे!" काळुराम मांडीवर थाप मारून ओरडला. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. दोन घरच्या पितरांची नावं कधी नव्हे ती खळ्याच्या कुंपणापर्यंत ऐकू गेली, पण त्यांना हाक मारणारा सूर नाटकातला होता. आवडाबाईला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. घोटभर पाणी मागून तिनं चूळ भरली, तरी ती गेली नाही.

सखुबाईचा आवाज क्षणभर एकटाच जुन्या जागी उरला. मग तोही थांबला. तिनं गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली.

"कुठं चाललीस गो?" आवडाबाईनं तिचा पदर धरला. "अजून बारा ओळी हायत. उचलाची कोनी?"

"पेटी उचलतेय की," सखुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी हलद कालवाला बसतंव. तिकडं माज्या हाताला चूक म्हननारा कोनी नाय."

तिनं पदर सोडवून घेतला आणि परातीकडे गेली. काळुराम वाकून आवडाबाईला म्हणाला, "धाकटीच्या लग्नाला बी तुमीच. पन ही पेटी पायजे हां, नाय त नको." आवडाबाईनं मान हलवली. हो म्हणूनच हलवली. एवढ्यासाठीच तर वाक्या विकल्या होत्या.

मांडव पुढच्या ओळीची वाट बघत होता. आजवर ती ओळ आवडाबाई सोडायची आणि बाकी जग मागून यायचं. तिनं तोंड उघडलं, आणि नक्की कुठून धरायची ते तिला कळेना. परशुरामकडे बघत ती थांबली. त्यानं भाता ओढला, पट्टी दाबली, पेटीनं सूर दिला, आणि आवडाबाईनं तो घेतला.