नदीकाठचं घे

"आई, डोंगर हवा की नदी? एक काहीतरी सांग बाई." दिनेओने मोबाइल आईच्या अगदी नाकासमोर धरला.

पुलेंग भोपळा चिरत होती. तिने मान मागे घेतली. "मला काय विचारतेस? तुला आवडेल ते घे."

"मी कुठे जातेय? तू जाणार आहेस. तीन दिवस. एकटी."

"एकटी" हा शब्द ऐकून टेबलापलीकडे बसलेली आलिना फिस्सकन हसली. आलिना म्हणजे पुलेंगची थोरली नणंद. भावाला सांभाळायला म्हणून ती कालच वेल्कमहून बॅग घेऊन आली होती, आणि आल्यापासून या घरात बशा कुठे ठेवतात यावरून पुलेंगशी तिचे दोनदा वाजले होते.

"ही खोली बघ," दिनेओने चित्र सरकवले. "दगडी भिंती, गवताचं छप्पर. किती छान!"

"ही तर माझ्या आजीची झोपडी. शेणाचा वास तेवढा नसेल."

"बरं, ही. हिच्या अंगणात बाथटब आहे. आंघोळ करता करता आभाळ बघायचं."

"उघड्यावर आंघोळ?" आलिनाने चष्मा लावून चित्र पाहिले. "लहानपणी आपण करायचो तेव्हा गरीब म्हणायचे आपल्याला."

"आणि ही डोंगरावर. समोरची अख्खी भिंत काचेची."

"पुसणार कोण ती?" पुलेंगने विचारले.

"तू नाही पुसायचीस, आई!"

तिघी हसल्या. मग दिनेओने चौथे चित्र काढले. विलोच्या झाडांखाली एक लहानशी खोली, पुढे दोन पायऱ्या, आणि पलीकडे नदी.

"दमट असेल," पुलेंग लगेच म्हणाली.

ते तोंडातून आपोआप निघाले होते. तिचा नवरा मोएकेत्सी खाणीतून आजारी छाती घेऊन परत आला त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. सोन्याच्या खाणीतली धूळ त्याच्या फुप्फुसात बसली होती ती काही निघायची नव्हती. शाळेच्या वसतिगृहात कपड्यांना इस्त्री करायची नोकरी पुलेंगने तेव्हाच सोडली. दमट घर नको, धूर नको, गालिचा नको, मांजर नको, असे एकेक करत तिचे सारे आयुष्य त्याच्या श्वासाच्या मापाने बेतले गेले होते. रात्री त्याला उठवून बसवायचे, पाठ चोळायची, प्राणवायूचे यंत्र तपासायचे. सलग झोप म्हणजे काय हे ती विसरली होती.

आणि मग मागच्या महिन्यात स्टोव्हवर मक्याचे पीठ शिजत ठेवून ती खुर्चीतच झोपली. भांडे जळून कोळसा झाले. घर धुराने भरले. शेजाऱ्यांनी दार ढकलून मोएकेत्सीला अंगणात आणले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यातल्या सिस्टरने दिनेओला बाजूला घेऊन सांगितले, "तुझ्या वडिलांचं काय व्हायचं ते मला माहीत आहे. पण या दोघांतलं आधी कोण जाईल, ते मी सांगू शकत नाही."

म्हणून हे तीन दिवस.

"आई, दमट असलं तरी बाबा कुठे येणार आहेत? तुला काय हवंय ते सांग ना. एवढंच विचारतेय."

पुलेंगने सुरी खाली ठेवली. आपल्याला काय हवे आहे, याचा तिने खरोखरच विचार केला. आणि खरे तेच बोलली.

"तिथे रात्री कोणी खोकत नाही ना?"

शेजारच्या खोलीचे दार उघडेच होते. आतले यंत्र एका सुरात घरघरत होते. दिनेओने खाली पाहिले. आलिना उगाचच भोपळ्याच्या बिया गोळा करू लागली. शब्द परत गिळता आले असते तर पुलेंगने ते सुरीसकट गिळले असते.

आतून आवाज आला, दोन श्वासांमध्ये तुटलेला. "नदीकाठचं घे."

दिनेओने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारले, खोली कुणाच्या नावावर ठेवायची? "मादिनेओ..." दिनेओने सुरुवात केली. लग्न झाल्या दिवशी सासूने दिलेले नाव ते. लेक जन्मायच्या आधीच तिला 'दिनेओची आई' करून टाकले होते. सगळी गल्ली तिला त्याच नावाने ओळखत होती.

"पुलेंग सांग," ती म्हणाली.

दिनेओ थबकली. मग फोनमध्ये म्हणाली, "पुलेंग. हो, एकटीच."

*

मे महिना होता, तिथल्या पानगळीचा. क्लॅरेन्स गाव मागे टाकून गाडी दरीत उतरली तेव्हा पॉपलरची पाने पिवळी झाली होती आणि वरचे कडे उन्हात तांबूस दिसत होते. दिनेओने आईला सोडले, दोनदा मिठी मारली आणि ती परत फिरली.

खोल्या सांभाळणारी मोसा तिशीतली होती, डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली. तिने पुलेंगच्या हातातली बॅग ओढली. पुलेंगने सोडली नाही. दोघी पायऱ्यांवर बॅगेची ओढाताण करत उभ्या राहिल्या.

"सोडा ना, मावशी. हे माझं काम आहे."

"मला उचलता येते गं."

"येते हो. मलाही घरी बसता येतं, पण पगार कोण देईल?"

पुलेंगने बॅग सोडली.

खोलीत एक पलंग होता, एक खुर्ची, खिडकीला जाड पडदा. पुलेंग पलंगाच्या कडेला बसली. बाहेर काहीच आवाज नव्हता. तिचे कान मात्र ताठ उभे होते, कुणीतरी आत्ता हाक मारेल म्हणून. शेवटी तिने उठून खिडकी उघडली. नदीचा आवाज आत आला, एका सुरातला, न थांबणारा, घरच्या यंत्रासारखा. तेव्हा कुठे तिने बूट काढले. आडवी झाली ती पांघरूणही न घेता.

दुसऱ्या दिवशी मोसा नाश्ता घेऊन आली, तो तसाच परत नेला. दुपारी सूप आणले, तेही परत नेले. संध्याकाळी तिने दार वाजवून विचारले, "मावशी, जिवंत आहात ना?"

"आहे बहुतेक," पुलेंग आतून म्हणाली आणि पुन्हा झोपली.

तिसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा तिला आधी कळेना आपण कुठे आहोत. मग कळले, आणि भूक लागली. मोसाने आणलेला पाव आणि अंडी तिने बशी पुसून खाल्ली. मग बशी धुतली, पलंग आवरला, चादरीचे कोपरे वसतिगृहातल्यासारखे घट्ट दुमडले.

मोसा आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय केलंत? मालकिणीने पाहिलं तर म्हणेल, पाहुण्याच इतकं नीट आवरतात, मोसा कशाला हवी?"

"सवय गं."

"मोडा ती सवय. जाईपर्यंत तरी मोडा."

जाईपर्यंत. दुपारी दिनेओ न्यायला येणार होती. पुलेंगने बॅग भरली, ती मांडीवर घेऊन पलंगावर बसली, आणि तिला उठता येईना. पाय दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. तिला फक्त घरी जायचे नव्हते. हा विचार इतका उघडा, इतका साधा होता की तिने घाबरून दाराकडे पाहिले. नवरा तिकडे हवेच्या घोटासाठी झगडतोय आणि ही बाई नदीकाठी बसून म्हणते, जायचे नाही! अशा बाईला काय म्हणावे?

बऱ्याच वेळाने तिने फोन काढला. आलिना उचलेल असे वाटले होते. उचलला मोएकेत्सीने.

"न्ताते, मी बोलतेय." लग्नापासून ती त्याला याच आदराच्या नावाने हाक मारायची.

"हं. निघालीस?"

"नाही. मी आजचा दिवस अजून राहू का?"

पलीकडे नुसते यंत्र ऐकू येत होते. मग तो खोकू लागला. मोठ्याने, छातीच्या तळापासून, खूप वेळ. इतका मोठा खोकला तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती उभी राहिली. "बघा, मी येते. आत्ता निघते. दिनेओला सांगा..."

"थांब." त्याने श्वास गोळा केला. "बस खाली. ऐक. रात्री मी उशीत तोंड खुपसून खोकतो. माहीत आहे तुला?"

"नाही."

"तुला कळू नये म्हणूनच. अर्धा खोकला आत दाबतो. सकाळी बरगड्या दुखतात." तो थांबला. "या दोन रात्री मोकळा खोकलो. मनसोक्त. आलिना घोरते, तिला काही ऐकू जात नाही. मलाही सुट्टी मिळाली म्हण."

पुलेंगला हसू आले आणि त्याच वेळी डोळे भरले. "मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जे बोलले..."

"खरं बोललीस. मीही तेच विचारलं असतं." मग हळूच म्हणाला, "उद्या ये, पुलेंग. आज राहा."

लग्नाआधी, तिच्या माहेरच्या गावात पाण्याच्या नळावर भेटायचा तेव्हा तो तिला या नावाने हाक मारायचा. तिने फोन ठेवला नाही. त्यानेही नाही. थोडा वेळ दोघे नुसते एकमेकांचा श्वास ऐकत राहिले. मग मागून आलिनाचा आवाज आला, "अरे, सूप गार होतंय!" आणि फोन बंद झाला.

मोसाला विचारल्यावर तिने सांगितले, खोली उद्यापर्यंत मोकळीच आहे.

दुपार कलल्यावर पुलेंग पहिल्यांदा नदीकडे उतरली. चित्रात दिसत होती त्याहून नदी लहान होती, तळाचे दगड मोजता येतील इतकी उथळ. तिने मोजे काढले. पायांवर रबराचे वळ उमटले होते, घोटे सुजले होते. पाणी बर्फासारखे होते. तिने दात आवळले, पण पाय बाहेर काढले नाहीत. हळूहळू बोटे बधिर झाली, मग घोटे. समोरच्या कड्यावरचा तांबूसपणा वर वर सरकत गेला आणि दरीत सावली भरली.

मागून पावलांचा आवाज आला. मोसा होती. हातात लोकरीचे जाड ब्लँकेट, मरून रंगाचे, बहुधा तिचे स्वतःचे.

"गारठा पडलाय, मावशी."

पुलेंग मागे वळली नाही. मोसाने ब्लँकेट तिच्या खांद्यांवर टाकले, दोन्ही टोके पुढे ओढून घेतली आणि छातीशी मोठी पिन लावली, गावाकडे म्हाताऱ्या बायकांना लावतात तशी. पुलेंगचे हात मांडीवरच होते. तिने ते वर उचलले नाहीत. लावू दिली.